सातशे ऐंशी मीटर

मला राग लवकर येतो. रेणापुरात कुणालाही विचारा. मी मन्मथ गुरुपादप्पा, हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. शहाऐंशीच्या डिसेंबरात मला जो राग आला, तो आधी स्टॉपवॉचवर आला, मग पोरांच्या पायांवर, मग दुष्काळावर. ज्याच्यावर यायला हवा होता, त्याच्यापर्यंत पोचायला मला पाच दिवस लागले.

झालं असं की दरसाल आमच्याच शाळेच्या मैदानावर होणाऱ्या जिल्हा शालेय स्पर्धेत आमच्या महादेवीनं आठशे मीटरची शर्यत जिंकली. जिंकली म्हणजे कशी, दुसरी पोरगी अजून वळणावर होती तेव्हा हिनं फीत छातीवर घेतली. मी घड्याळ दाबलं आणि बघितलं, दोन मिनिटं सत्तावीस पूर्णांक नऊ सेकंद. मी घड्याळ झटकलं, कानाला लावलं आणि पुन्हा बघितलं. आकडा तोच.

महादेवी धापा टाकत माझ्याकडे आली. "किती, सर?"

मी आकडा सांगितला. ती मटकन खाली बसली. मागच्या साली, नववीत असताना, याच मैदानावर ती दोन सव्वीसमध्ये पळाली होती. मधल्या वर्षभरात ती रोज पहाटे पाझर तलावापर्यंत पळत गेली आणि पळत आली. गूळ-शेंगदाणे खाऊन खाऊन तिनं वडलांच्या किराणा दुकानातला डबा रिकामा केला. एवढं सगळं करून ती दोन सेकंद हळू झाली होती.

"माझ्यातच काय कमी झालंय का, सर?" तिनं विचारलं. मी तिच्यावरच खेकसलो, "ऊठ, गार जमिनीवर बसू नको!" जमीन तव्यासारखी तापली होती.

तिला विक्रम मोडायचा होता, आणि तो हौसेखातर नव्हे. पाऊस लागोपाठ दुसऱ्या साली बुडाला होता. आमच्या स्पर्धा समितीनं काटकसरीचा ठराव केला होता, की यंदा जिल्हा विक्रम मोडेल त्यालाच नांदेडच्या विभागीय स्पर्धेला न्यायचं, बाकीच्यांनी प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. महादेवी दहावीत होती. पुढच्या साली शाळा नाही, म्हणजे नांदेडही नाही. मुलींच्या आठशे मीटरचा विक्रम होता दोन मिनिटं चोवीस पूर्णांक आठ. तो चांगुणाचा होता, आणि आमच्याच शाळेच्या चांगुणाचा.

या विक्रमाची गोष्ट सांगितली पाहिजे. ब्याऐंशीला लातूर जिल्हा नवा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नव्या पाट्या, नवे शिक्के. पण खेळाचे विक्रम कुठून आणायचे? जुन्या जिल्ह्याचे विक्रम जुन्या जिल्ह्याकडे राहिले आणि आमच्या हाती एक कोरी वही आली. त्यामुळे डिसेंबरातल्या पहिल्या स्पर्धेत जो पहिला आला तो आपोआप जिल्हा विक्रमवीर झाला. गोळाफेकीला एकच पोरगा आला होता. त्यानं गोळा जवळजवळ पायाशीच टाकला, तरी त्याचं नाव वहीत लागलं. पुढच्या साली ते गेलंही. चांगुणाचं मात्र गेलं नाही. ती तेव्हा नववीत होती. अनवाणी पळाली आणि चार फेऱ्या अशा मारल्या की बघणारे चहा प्यायचे थांबले. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं पहिली ओळ तिची लिहिली. चार वर्षं ती ओळ तशीच होती.

महादेवीचा आकडा ऐकून समितीचे सचिव अण्णाराव म्हणाले, "मन्मथप्पा, मनाला लावून घेऊ नका. दुष्काळातली पोरं हायेत. अंगात रक्त न्हाई, पायात जोर कुठून येणार? औंदा सगळेच हळू हायेत."

अण्णाराव माणूस वाईट नाही, पण कागदावर जे नाही ते त्यांच्या लेखी जगात नसतं. शनिवारी नांदेडला नावं धाडायची होती. ते निघून गेले आणि मी त्यांचं वाक्य चघळत बसलो. सगळेच हळू?

आधी मी घड्याळ तपासलं. रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडतात, ते धरून दोन दिवस ताडून बघितलं. घड्याळ निर्दोष निघालं, म्हणजे त्याला दिलेल्या शिव्या मला परत घ्याव्या लागल्या. मग मी निकालाची वही उघडली आणि चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. मांडता मांडता माझा राग उतरला आणि त्याच्या जागी कुतूहल बसलं. ते रागापेक्षा वाईट असतं, जेवू देत नाही.

शंभर मीटरला पोरं यंदा हळू नव्हती. मुलांच्या शंभरमध्ये तर विक्रमाची बरोबरी झाली होती. लांब उडीचा विक्रम मोडला होता. थाळीफेक मागच्या सालाएवढीच होती. हळू झाली होती ती फक्त गोल फिरणारी पोरं, चारशेवाली, आठशेवाली, पंधराशेवाली. मुलं असोत की मुली, रेणापूरची असोत की उदगीरची, फेऱ्या मारणारं झाडून सगळं हळू. हा कसला दुष्काळ, जो सरळ पळणाऱ्याला सोडतो आणि वळणाऱ्याला गाठतो?

म्हणजे गोम मैदानात होती. हेडमास्तरांच्या कपाटातला टेप मी मागून घेतला, महादेवीला दुसरं टोक धरायला लावलं आणि फेरी हात हात पुढं सरकत मोजली. दोनशे मीटर, फार तर बोटभर इकडं तिकडं. मला बरं वाटलं. मैदान मीच आखतो आणि माझ्या आखणीला नाव ठेवलेलं मला खपत नाही.

"मैदान बरोबर हाय," मी म्हणालो.

महादेवी टेप गुंडाळत होती. तिनं सहज विचारलं, "मागच्या साली पण बरोबर हुतं का, सर?"

"मग! तोच दोर, त्याच गाठी, त्याच खुंट्या."

"मंग फरक कशात पडला?"

"कशातच न्हाई," मी म्हणालो. "औंदा चुन्याची फक्की मारली, एवढंच."

आणि म्हणता म्हणताच मला आत कुठंतरी टोचलं.

आता माझी पद्धत सांगतो. बाजूच्या सरळ रेघा मी टेपनं मोजतो. पण टोकाची अर्धगोल वळणं टेपनं आखली तर मातीत घासून टेपचे आकडे जातात आणि हेडमास्तर माझ्या नावानं बोंब मारतात. म्हणून ब्याऐंशीला मी अंबाडीचा चांगला जाड दोर घेतला. एका टोकाला फास केला, तो मधल्या खुंटीत अडकवायचा. व्हरांड्यात टेप लावून फासापासून पंधरा मीटर नव्वदवर गाठ मारली, गाठीला लाल चिंधी बांधली. गाठ हातात धरून दोर ताणत खुंटीभोवती फिरलं की वळण तयार. आणि माझी खरी युक्ती पुढं होती. दोर आधी शाळेच्या हौदात चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. मग तो फिरवला की गाठीखाली लोंबणाऱ्या शेपटानं जमिनीवर आपोआप पांढरी रेघ उमटते. लातूरचे मास्तर ही युक्ती बघायला आले होते. मी त्यांना चहा पाजून समजावून सांगितली होती.

यंदा हौद कोरडा होता. म्हणून दोर सुकाच फिरवला आणि मागून शिपाई व्यंकटी डब्यानं चुन्याची फक्की टाकत गेला. चार वर्षं वल्ला दोर, आणि पाचव्या खेपेला सुका.

दोराबद्दल मला काय कळतं? काही नाही. पण कुणाला कळतं ते मला माहीत होतं. तो दोर निवृत्तीनं वळलेला होता. गावात चांगला दोर वळणारा तोच, आणि चांगुणा त्याचीच लेक. निवृत्ती दोन वर्षांमागं वारला. चांगुणाला गावातच दिलेली, आणि ती रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जात होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी सायकल काढली. तलावाच्या बांधावर शे-दीडशे माणूस मातीच्या पाट्या वाहत होतं. चांगुणा लांबूनच ओळखू आली, कारण बाकीच्या बायका चालत होत्या आणि ही रिकामी पाटी घेऊन परत येताना पळत होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली, पदर नीट केला.

"सर, तुमी हिकडं?"

मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "चांगुणे, अंबाडीचा दोर भिजला तर काय होतं?"

"आखडतो की," ती म्हणाली. "वाळला की पुन्ना लांब. आबा वल्ला दोर कंदीच मापून द्यायचे न्हाईत. का बरं?"

मी तिथंच दगडावर टेकलो. वळणाचा दोर आखडला म्हणजे वळण लहान झालं. वळण लहान म्हणजे फेरी लहान. माझ्या हौदानं चार वर्षं जिल्ह्यातल्या तमाम पोरांना कमी पळवलं होतं, आणि मी ती युक्ती म्हणून लोकांना चहा पाजून सांगत होतो. कानशिलं तापली माझी. एवढी लाज मला आजवर वाटली नव्हती.

तिला सगळं सांगणं भाग होतं. महादेवीचं, ठरावाचं, शनिवारचं. मी बोलत गेलो आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हंजी माझा इक्रम खोटा."

"तुझा न्हाई ग. माझा दोर खोटा."

"नाव तर माझं हाय न्हवं फळ्यावर," ती म्हणाली. "सोयरीक जमवाय आले तवा सासऱ्यानं आधी फळा बघितला, मंग मला. अजून पावणं आलं की सासूबाई त्यास्नी शाळंच्या व्हरांड्यात नेत्यात. ते पुसणार तुमी?"

मी विचारलं, "तू तेव्हाच का बोलली न्हाईस? दोर हौदात टाकताना तू समोर होतीस."

"तुमी इचारलं का?" ती फटकन म्हणाली. "नववीतल्या पोरीनं तुमास्नी शिकवायचं? तेबी तुमास्नी? म्या म्हनलं सरांनी ते धरूनच माप घेतलं आसंल. मास्तर लोकास्नी एवडंबी ठाव नसंल आसं कुनाला वाटंल?"

वर्गात कुणी मधे बोललं की मी खडू फेकून मारतो, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं पाटी उचलली आणि निघून गेली. यावेळी ती चालत गेली.

शनिवारी सकाळी समिती आमच्या शाळेत बसली. व्हरांड्यात टेबल, टेबलावर वही, वहीमागं अण्णाराव, आणि त्यांच्या डोक्यावर नेमका तो फळा. महादेवी खांबाला टेकून उभी होती. मी माझी चूक सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांसमोर 'मी चुकलो' असं म्हणालो, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा कुणाला खरं वाटलं नाही.

अण्णारावांनी चष्मा पुसला. "मन्मथप्पा, तुमच्या शाळेची पोरगी कमी पडली, तर तुमी दोराला फाशी द्यायलात. उद्या दुसरा म्हणंल माझी शिट्टी वल्ली हुती. मला पुरावा दाखवा."

"पुरावा सोपा हाय. दोर सुका मोजा, भिजवा आणि पुन्हा मोजा."

"मग भिजवा की."

मी व्यंकटीकडं बघितलं. व्यंकटी माठाला पाठ लावून उभा राहिला. दोनशे पोरांना दिवसभर पुरवायचा तो माठ, आणि टँकर सोमवारशिवाय येणार नव्हता. "सर, मारा मला, पन ह्यातलं पानी दोराला देणार न्हाई," तो म्हणाला. आणि खरं सांगतो, त्याचं बरोबर होतं. मी कुणाच्या तोंडचं पाणी काढून दोरावर ओतणार होतो? पस्तीस हात अंबाडी भिजवायची म्हणजे तांब्यानं भागत नाही. अण्णारावांनी पेनाचं टोपण काढलं आणि यादी पुढं ओढली.

तेवढ्यात फाटकातून चांगुणा आली. डोक्यावर पितळी घागर, काखेत घमेलं. पायऱ्या चढताना घागरीतलं थेंबभरही हललं नाही. तिनं घमेलं फरशीवर ठेवलं, घागर उतरवली आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "दोर कुटं हाय?"

"हे पाणी कुठलं?" मी विचारलं.

"घरचं. आजच्या वाट्याचं."

आधी सुका दोर मोजला. अण्णारावांनी फासाचं टोक स्वतः धरलं, दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. फासापासून लाल चिंधीपर्यंत पंधरा मीटर नव्वद. मग चांगुणानं तो दोर घमेल्यात वेटोळं करून बसवला, बापानं वळलेल्या दोरावरून एकदा हात फिरवला, आणि घागर कलती केली. अंबाडीनं पाणी असं ओढलं की घमेल्यात सूं सूं आवाज झाला. अर्धा तास आम्ही सगळे त्या घमेल्याभोवती बसलो. अण्णाराव दर पाच मिनिटांनी बोट घालून बघत होते. त्यांनाही आता तेच कुतूहल लागलं होतं, जे मला लागलं होतं.

बाहेर काढून ताणला तेव्हा दोर कडक झाला होता. टेप लावला. अण्णाराव वाकून आकडा वाचायला गेले, चष्मा सरकवला, पुन्हा वाचला. "पंधरा मीटर दहा," ते पुटपुटले. मग म्हणाले, "ओढा अजून." आम्ही तिघांनी ओढला. पंधरा दहाच.

ऐंशी सेंटीमीटर आखडला होता. मी हिशेब आधीच करून ठेवला होता. दोर एवढा आखडला की फेरीमागं पाच मीटर कमी होतात, चार फेऱ्यांत वीस. अण्णारावांनी कागदावर तो दोनदा करून बघितला, मग वही उघडली. गोल शर्यतींचे चार वर्षांचे सगळे विक्रम रद्द, यंदाच्या वेळा हाच पहिला विक्रम, असं त्यांनी सावकाश लिहिलं, सह्या घेतल्या, आणि नांदेडच्या यादीत महादेवीचं नाव घातलं.

महादेवी उड्या मारायच्या ऐवजी चांगुणाकडं बघत उभी होती. जवळ जाऊन म्हणाली, "ताई, तुमी कशाला आणलं पानी?"

चांगुणा दोर घमेल्यावर धरून पिळत होती. चुन्याचे जुने कण उतरून पाणी पांढुरकं झालं होतं. ते भांड्यांना चालेल, ती म्हणाली. मग मान वर न करता बोलली, "दोन दिस राग राग केला म्या. तुझाबी आन सरांचाबी. पर रोज पाटी उचलायच्या टायमाला तू बांधावरनं पळत जाती. चांगली पळती. आन ज्या दिशी तुझा इक्रम हुकला त्याच्या दुसऱ्या दिशी तू पळाय आली न्हाईस. तवा वाईट वाटलं."

मी दोघींना आणखी एक आकडा सांगितला. चांगुणा त्याच वेगानं उरलेले वीस मीटर पळाली असती, तर तिची वेळ दोन अठ्ठावीस पाच झाली असती. महादेवीची सत्तावीस नऊ.

"म्हंजी ही माज्यापेक्षा थोडी जादा," चांगुणा म्हणाली. "थोडीच."

"थोडीच," महादेवी म्हणाली.

व्यंकटीनं रंगाचा डबा, कुंचला आणि टर्पेंटाइनची चिंधी आणली होती, फळा पुसायला. चांगुणा रिकामी घागर काखेला लावून, घमेलं उचलून निघाली, पायरीवर थांबली आणि वळून बघितलं. तिच्या नावाची ओळ अजून होती.

"सर, मंग म्या पळाले किती? नेमकं सांगा."

"सातशे ऐंशी मीटर."

तिनं थोडा विचार केला. "आन सातशे ऐंशी मीटर माज्यापेक्षा जोरात कुनी पळालंय का? तुमच्या वहीत बगा."

मी वही बघितली. चार वर्षं सगळ्या मुली सातशे ऐंशीच पळाल्या होत्या, तीन-चार डझन तरी असतील, आणि त्या सगळ्यांत ती पहिली होती. मी अण्णारावांकडं बघितलं. अण्णारावांनी चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, "मन्मथप्पा, कागदावर तर हाय."

मी व्यंकटीच्या हातातला कुंचला घेतला. चांगुणाच्या ओळीतला आठशेचा आकडा तेवढा पुसला आणि त्या जागी लिहिलं, सातशे ऐंशी. नाव तसंच ठेवलं, वेळही तशीच. शून्य जरा मोठं आलं. तिनं ते पायरीवरूनच वाचलं, बरोबर आहे अशी मान हलवली, आणि सासूला सांगायला निघाली. घमेल्यात पाणी होतं, म्हणून चालत.